इंजिनातलं तेलाचं धुकं

मॉडेल आगगाडीच्या इंजिनातून जो धूर वर जातो, त्यासाठी आत काहीही जळत नसतं. धुराड्यात एक बारीक नळी तापलेली असते. तिच्यात तेलाचे थोडे थेंब उकळतात, त्यांची वाफ वर येते आणि बाहेरची थंड हवा लागली की त्या वाफेचं पुन्हा तेल होतं. हे थेंब इतके सूक्ष्म असतात की ते हवेत तरंगत राहतात आणि त्यांच्यावरून उजेड विखुरला की पांढरे दिसतात. आपण कौतुकानं ज्याला धूर म्हणतो, ते तेलाचं धुकं असतं. इंजिनात किती थेंब घालायचे, दुसरं एखादं तेल चालेल का, बाटली घरात कुठे ठेवायची, गाडी किती वेळ चालवायची, हे प्रश्न या छंदात पडणाऱ्या प्रत्येकाला पडतात. त्यांची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती आधी नीट समजून घ्यायला हवी.

चहाच्या किटलीला कढ आला की तोटीकडे निरखून पाहावं. तोटीला लागून बोटभर जागा अगदी मोकळी दिसते आणि त्यापुढे पांढरा लोट सुरू होतो. त्या मोकळ्या जागेत असते ती खरी वाफ, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते पुन्हा पाणी झालेल्या वाफेचं धुकं. कोळशाच्या खऱ्या इंजिनातही हेच घडायचं, फक्त त्यात काजळी मिसळायची. सिलिंडरमध्ये काम उरकलेली वाफ धुराड्याखालच्या तोंडातून जोरानं वर सोडलेली असे, तिच्या ओढीनं भट्टीतला धूर खेचला जाई आणि आगीला हवा मिळे. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार फुत्कार. कुशल फायरमनच्या हातातलं इंजिन काळा धूर कमीच सोडायचं, कारण काळा धूर म्हणजे अर्धवट जळून वाया गेलेला कोळसा. थंडीच्या पहाटे धुराड्यावर उठणारा पांढराशुभ्र लोट प्रामुख्यानं पाण्याचा असे. त्या दृष्टीनं मॉडेलमधलं तेलाचं धुकं खऱ्या इंजिनाच्या धुरापेक्षा त्याच्या वाफेशी जास्त प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच ते इतकं खरं वाटतं.

पाण्याचे थेंब हवेत विरले की मागे काही राहत नाही. तेलाचं तसं नसतं. पातळ जातीच्या तेलाचे थेंबही लवकर विरतात, पण त्यांची वाफ खोलीच्या हवेत राहते आणि तिचा वास येत राहतो. जड तेलाचे थेंब विरतही नाहीत. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थेंब बंद खोलीतल्या स्थिर हवेत तासाभरात जेमतेम दहा सेंटिमीटर खाली येतो. तोवर तो खोलीभर हिंडतो आणि शेवटी कुठेतरी बसतो. रुळांवर, डब्यांच्या टपांवर, खिडकीच्या काचेवर, नाहीतर पाहणाऱ्याच्या श्वासनलिकेत. धुराड्यातून गेलेलं सगळं कुठेतरी उतरणारच, हे धरूनच पुढचं वाचावं.

अमेरिकेतल्या लायनेल कंपनीला याचा अनुभव अगदी सुरुवातीलाच आला. जोशुआ लायनेल कावेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा खेळण्यांकडे वळली आणि १९४६ साली तिनं धूर सोडणारी इंजिनं बाजारात आणली. त्या वर्षीच्या इंजिनांमध्ये एक खास दिवा बसवलेला होता. त्याच्या काचेला खळगा होता आणि त्या खळग्यात अमोनियम नायट्रेटची छोटी गोळी ठेवायची. दिवा तापला की गोळीतून धूर निघे. मुलं हरखून गेली, पण त्या गोळीच्या धुरातून मागे राहणारं क्षाराचं किटण धातू खाणारं होतं. इंजिनाच्या पोटातले भाग गंजायला लागले. १९४७ साली कंपनीनं दिव्याची कल्पनाच सोडली आणि विजेच्या तारेनं तापणारं युनिट आणलं. त्यात वेगळ्या पदार्थाची गोळी टाकायची. ती वितळून तिची वाफ होई आणि चाकाला जोडलेला दांडा एका छोट्या दट्ट्याला वरखाली करून ती वाफ फुत्कारांनी बाहेर ढकली. गाडी धावली की फुत्कार जलद, थांबली की बंद. सगळी कामगिरी यांत्रिक होती आणि आजही ती इंजिनं नीट राखली तर फुत्कार सोडतात.

लायनेलची प्रतिस्पर्धी होती ए. सी. गिल्बर्ट कंपनीची अमेरिकन फ्लायर. तिच्या युद्धोत्तर इंजिनांनीही धूर आणि झुकझुक आवाज दोन्ही दिले, पण गोळीऐवजी द्रव वापरला. छोट्या कुपीचं टोक कापायचं आणि धुराड्यात पिळायचं. पुढे द्रवानंच बाजी मारली. थेंब मोजता येतात, धुराड्यातून सहज आत जातात आणि शुद्ध केलेलं तेल असेल तर धातूला गंज चढत नाही.

युरोपात, विशेषतः जर्मनीत, गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. तिथली घरं लहान, गाड्याही लहान. ग्योपिंगन गावच्या मेर्कलिन कंपनीनं १९३५ साली आपल्या छोट्या मापाच्या गाड्या आणल्या आणि पुढे एच-शून्य हे माप, म्हणजे मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं, जगभर रुजलं. या मापाच्या इंजिनाचं धुराडं पेन्सिलीहून बारीक असतं. त्यात दट्ट्या, दांडा, गोळी यांना जागाच नाही. तिथे झॉइटं या जर्मन नावानं ओळखल्या जाणाऱ्या नळकांडीवजा युनिटांनी घर केलं. बाहेर धातूची छोटी टाकी, आत उभी केसासारखी बारीक नळी आणि तिला तापवणारी तार, एवढाच संसार. एकही हलणारा भाग नाही.

ही नळी कशी चालते हे पाहण्यासारखं आहे, कारण बहुतेकांचं चुकतं ते इथेच. टाकीतलं तेल खालून बारीक नळीत शिरतं. तारेच्या उष्णतेनं नळीच्या आत तेलाचा एक बुडबुडा उकळतो, फुगतो आणि वरच्या तेलाला ढकलत बाहेर फेकतो. त्याच्या जागी खालून नवं तेल येतं, पुन्हा बुडबुडा. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं आणि नळीच्या वरच्या तोंडातून वाफेची अखंड बारीक धार निघते. पण यासाठी नळीचं वरचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर, मोकळ्या हवेत असायला हवं. टाकी काठोकाठ भरली की ते तोंड बुडतं. मग बुडबुडे तेलातच फुटतात, तेलाला उष्णता पुरत नाही, धूर निघत नाही आणि वरून तेलाचे शिंतोडे मात्र उडतात. नवखा माणूस काय करतो? धूर येत नाही म्हणून आणखी तेल घालतो. मेर्कलिनच्या इंजिनांसोबत येणाऱ्या कागदावर टाकी जास्तीत जास्त निम्मी भरा असं लिहिलेलं असतं, त्याचं कारण हे. काटकसरीशी त्याचा संबंध नाही.

जास्त तेल पडलंच तर इंजिन उलटं करून झटकायचं नाही. ते तेल मोटरीत आणि कार्बनच्या ब्रशांवर उतरतं, आणि तिथे धुराड्याच्या कितीतरी पट नुकसान करतं. टिश्यू पेपरची सुरळी पिळून तिचं टोक धुराड्यात अलगद बुडवावं, ती जादा तेल शोषून घेते. कधी धुराड्याच्या तोंडाशी तेलाचा पडदा धरतो आणि हवा अडून राहते, त्यालाही हीच सुरळी पुरते. टाचणी किंवा तार आत खुपसण्याचा मोह टाळावा. आतली तार अतिशय नाजूक असते आणि एकदा तुटली की युनिट बदलण्यावाचून उपाय नाही.

मोठ्या मापाच्या इंजिनांमध्ये नळीऐवजी वातीचं युनिट असतं. काचतंतूंची किंवा तशाच उष्णता सोसणाऱ्या धाग्यांची गादी तेल पिऊन ठेवते आणि तिला टेकलेली तार त्यातलं थोडं थोडं तेल उकळवते. अलीकडच्या इंजिनांत छोटा पंखाही असतो. इलेक्ट्रॉनिक सर्किट चाकांच्या फेऱ्यांशी जुळवून पंखा थांबवतं, सोडतं आणि फुत्कार उमटतात. दट्ट्याचंच काम, आता पंख्याकडे. या युनिटांचा शत्रू म्हणजे कोरडं चालणं. तेल संपलं तरी वीज चालू राहिली की वात करपते. करपलेली वात पुन्हा तेल पीत नाही, आणि मग कितीही ओतलं तरी जळका वास येतो, धूर येत नाही. अशा वेळी युनिट उघडून वात बदलणं हाच उपाय. नळीच्या काही युनिटांना कोरडं चालणं सोसतं, काहींना सोसत नाही. आपलं कुठलं ते इंजिनासोबतच्या कागदावरून कळतं. कागद हरवला असेल तर सोसत नाही असंच धरून चालावं. धूर विरळ झाला की स्विच बंद करावा, थेंब घालावेत, मग पुन्हा चालू. निम्म्या भरलेल्या छोट्या टाकीतलं तेल काही मिनिटंच पुरतं आणि ते तसंच अपेक्षित आहे.

विजेचा मुद्दा थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत रुळांतला व्होल्टेज वाढला की गाडी वेगात जाते आणि हीटरही जास्त तापतो, म्हणून हळू गाडीला धूर कमी आणि वेगवान गाडीला जास्त. डिजिटल पद्धतीत रुळांत पूर्ण व्होल्टेज कायम असतो आणि इंजिनातला डिकोडर मोटरीला हवा तेवढा देतो. तिथे जुन्या, कमी व्होल्टेजच्या युनिटला थेट रुळांवरून वीज दिली तर ते सतत भाजत राहतं. युनिट घेताना त्यावरचा व्होल्टेज आपल्या पद्धतीशी जुळवून घ्यावा आणि डिकोडरच्या त्या तारेला किती करंट झेपतो हे पाहावं. आणखी एक काळजी प्लॅस्टिकच्या सांगाड्याची. पॉलिस्टायरीन शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि तेल उकळतं दोनशेच्या पुढे. धातूच्या किंवा उष्णतारोधक आवरणाशिवाय युनिट बसवलं तर सुंदर रंगवलेलं धुराडं एका संध्याकाळी वाकडं होतं.

आता तेलाकडे येऊ. युरोपातल्या छोट्या गाड्यांसाठीचं द्रावण बहुधा पातळ, स्वच्छ केलेल्या पॅराफिनी हायड्रोकार्बनांचं असतं. रेणूत ११ ते १४ कार्बन अणू असलेल्या साखळ्या. त्यांतल्या बारा कार्बनांच्या डोडेकेनचा उत्कलनबिंदू २१६ अंश आहे, चौदा कार्बनांच्या टेट्राडेकेनचा सुमारे २५४. रॉकेलचं हे जवळचं नातलग, पण वास आणणारे, काजळी धरणारे घटक काढून टाकलेलं. अमेरिकेतल्या मोठ्या मापाच्या इंजिनांची बरीचशी द्रावणं शुद्ध केलेल्या खनिज तेलाची, जरा जड असतात, त्यात कधी कोळशाचा, कधी पाइनचा वास मिसळलेला. जर्मनीची एलजीबी, जिच्या बागेत चालणाऱ्या मोठ्या गाड्या १९६८ पासून मिळू लागल्या, ती धुरासाठी आणि रूळ-चाकं पुसण्यासाठी एकच द्रव विकत असे. हे तेल मुळात सौम्य विद्रावक आहे, हे त्यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे हा छंद मोजक्या घरांत आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून कितीतरी मुलांनी पाहिलं, त्यांतली काही पुढे स्वतःचे रूळ मांडू लागली. पण धुराचं द्रावण इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कुणी परदेशाहून येणार असेल तर त्याच्या हाती बाटली मागवायची, नाहीतर घरात जे आहे ते घालून पाहायचं. या दुसऱ्या वाटेबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण इंजिनं मरतात ती याच वाटेवर.

खायचं तेल घालू नये. ते उकळण्याआधीच विघटित होतं, नळीत चिकट राळ धरते आणि त्यातून डोळे-घसा चुरचुरवणारं ॲक्रोलीन निघतं. ग्लिसरीनही जास्त तापलं की तेच देतं. रंगमंचावरच्या धुक्याच्या यंत्राचं द्रावण पाणी आणि ग्लायकॉलचं असतं. त्या यंत्राचा हीटर त्याच्यासाठीच घडवलेला असतो, पण आपल्या इंजिनाच्या टाकीत पाणी घालणं म्हणजे गंजाला बोलावणं, शिवाय ग्लायकॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. अगरबत्तीच्या वासाची तेलं आणि अत्तरं यांत लिंबूवर्गीय घटक असू शकतात, ते पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतात. लहान बाळांना चोळायचं बेबी ऑइल हे शुद्ध खनिज तेल असल्यामुळे सर्वांत जास्त वापरलं जातं आणि त्यातून धूर निघतोही, दाट आणि छान दिसणारा. पण ते जड आहे. पातळ तेलासाठी घडवलेल्या नळीत ते पुरतं उकळत नाही, मागे वार्निशसारखा थर राहतो आणि नळी हळूहळू बुजते. त्याचे थेंब हवेत विरत नाहीत, म्हणजे मघाशी सांगितलेला तासाला दहा सेंटिमीटरचा प्रवास सुरू होतो. दाट धुराचा मोह होतो, पण छोट्या खोलीत विरळ आणि लवकर विरणारा धूरच चांगला, असं माझं मत आहे.

वाफेवर खरोखर चालणाऱ्या छोट्या इंजिनांचं वंगण बाजारात वाफेच्या तेलाच्या नावानं मिळतं. ते सिलिंडरमध्ये घालायचं घट्ट तेल आहे, धुराशी त्याचा काही संबंध नाही. मागवताना लेबल दोनदा वाचावं.

आणि आता बाटली. या सगळ्या खेळात खरा धोका तापलेल्या नळीपेक्षा बंद बाटलीत जास्त आहे. आतलं द्रावण जवळजवळ बिनवासाचं, पाण्यासारखं स्वच्छ, कधी सुगंधी. मूल ते सहज तोंडाला लावेल असं. युरोपातल्या या बाटल्यांवर एच ३०४ या क्रमांकाची सूचना असते: गिळलं आणि श्वासमार्गात गेलं तर जीवघेणं ठरू शकतं. इथे विषारीपणा पोटातून येत नाही. पातळपणातून येतो. असं तेल घशातून उतरताना किंवा उलटीत वर येताना श्वासनलिकेत सरकतं आणि पाण्यासारखं खोकून बाहेर येत नाही. त्याचा पृष्ठताण कमी असतो, म्हणून ते फुप्फुसाच्या सूक्ष्म पिशव्यांच्या आतल्या पृष्ठभागावर पसरतं आणि त्या पिशव्यांना फुगवून ठेवणारं अस्तर मोडतं. मग रासायनिक न्यूमोनिया होतो. त्यासाठी एखादा घोटही पुरतो. म्हणूनच धोक्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हायड्रोकार्बनांसाठी चिकटपणाची मर्यादा घातलेली आहे: ४० अंशांना २०.५ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून पातळ असेल तर हा इशारा लागू. त्या मोजणीत तेल जितकं पातळ तितका हा धोका मोठा, म्हणजे धुरासाठी जे गुण चांगले तेच इथे वाईट.

युरोपनं हा धडा दिव्याच्या तेलातून घेतला. शोभेच्या दिव्यांत रंगीत, सुवासिक पॅराफिन तेल घालायची पद्धत होती आणि लहान मुलं ते सरबत समजून पीत, नाहीतर दिव्याची वात चोखत. त्यांतली काही दगावली. युरोपीय संघानं रंगीत आणि सुवासिक दिवेतेलाच्या घरगुती विक्रीवर बंदी आणली, आणि डिसेंबर २०१० पासून बाकीचं दिवेतेलही फक्त काळ्या अपारदर्शक, जास्तीत जास्त एक लिटरच्या बाटलीत विकायची सक्ती केली. एक घोट, किंवा नुसती वात चोखणंही फुप्फुसाला जीवघेणी इजा करू शकतं, असं त्या बाटलीवर छापावं लागतं. धुराचं द्रावण याच कुळातलं आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला हे नवं नाही. स्टोव्ह आणि कंदिलाच्या काळात रॉकेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलेलं असे आणि तहानलेलं पोर ते तोंडाला लावे. सरकारी रुग्णालयांचे बालविभाग ही मुलं वर्षानुवर्षं पाहत आले. रॉकेल आता बहुतेक घरांतून गेलं आहे आणि त्याबरोबर ती सावधगिरीही. छंदाच्या टेबलावरची सुंदर लेबलाची बाटली ही त्याच जातीची वस्तू आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असलं पाहिजे.

कुणी प्यायलंच तर उलटी करवू नये. मिठाचं पाणी, दूध, बोटं घालणं, काही नाही. पहिल्यांदा गिळताना जे फुप्फुसात गेलं नाही ते उलटीत जाईल. बाटली सोबत घ्यावी आणि थेट रुग्णालय गाठावं. मूल खोकत असेल, घुसमटत असेल, सुस्त होत असेल तर एक क्षणही दवडू नये. वरकरणी बरं दिसत असलं तरी डॉक्टरांच्या नजरेखाली काही तास ठेवणं जरूर आहे, कारण श्वासाचा त्रास उशिरा सुरू होऊ शकतो.

म्हणून बाटली नेहमी तिच्या मूळ रूपातच राहावी, मुलांना न उघडणाऱ्या टोपणासह. दुसऱ्या कशातही ओतून ठेवू नये, औषधाच्या कुपीत तर कधीच नाही. जागा कुलपातली, उंचावरची. स्वयंपाकघर, देवघर आणि औषधांचं कपाट सोडून. उन्हाळ्यात माळ्यावर किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये. तापलं की बाटलीत दाब वाढतो, टोपणाशी तेल झिरपतं. ही द्रावणं पेट्रोलसारखी ठिणगीनं भडकत नाहीत, डोडेकेनची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला तेल सत्तरेक अंशांपर्यंत तापावं लागतं. तरी ती जळणारीच आहेत, आणि तेलानं भिजलेली चिंधी जास्त सहज पेटते. बाटली उभीच ठेवावी, खाली ताटली असावी.

थेंब घालण्यासाठी रबरी फुग्याचा ड्रॉपर वापरला तर काम झाल्यावर तो कोरडा करून वेगळा ठेवावा. बाटलीत तसाच लावून ठेवला तर तेलाच्या वाफेनं रबर फुगतं, चिकट होतं आणि त्याचे कण द्रावणात उतरतात. इंजेक्शनच्या सिरिंजचा रबरी दट्ट्याही काही दिवसांत असाच अडकतो. बोथट सुईची सिरिंज मात्र सोयीची, कारण तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात आणि टाकी निम्मी कधी झाली हे डोळ्यांना कळतं. तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी आणि ती बाटलीबरोबरच कुलपात जावी.

इंजिनाचीही तयारी करावी लागते. डब्यात ठेवण्याआधी टाकीतलं तेल चालवून संपवत आणावं किंवा सुरळीनं टिपून घ्यावं. आडवं ठेवलेल्या इंजिनातलं राहिलेलं तेल महिनाभरात धुराड्यातून बाहेर येतं, रंग फुगवतं आणि चाकांच्या रबरी पट्ट्या सैल करतं. रुळांवर पडलेला थेंब लगेच पुसावा. तेलकट रुळांवर चाक घसरतं, आणि त्या तेलात धूळ मिसळून जो काळा लेप होतो तो वीजप्रवाह अडवतो. पुष्कळदा मोटर बिघडली असं समजून लोक इंजिन उघडतात आणि दोष रुळांवर असतो.

खोली किती मोकळी हवी? एक खिडकी उघडी आणि समोरचं दार उघडं, एवढं कमीत कमी. पंख्याचा झोत गाडीवर नको, धूर फाटतो, पण हवा बाहेर जाण्याची वाट हवी. दमा असलेलं माणूस, तान्हं बाळ किंवा पिंजऱ्यातला पक्षी घरात असेल तर धूर बंद ठेवून गाडी चालवावी; झुकझुक आवाजाला त्यानं काही बाधा येत नाही. जर्मनीत आणि अमेरिकेत ख्रिसमसच्या झाडाभोवती रूळ मांडायची रीत आहे. हिवाळा, सगळ्या खिडक्या बंद आणि मुलं जमिनीवर पोटावर पडून इंजिनाच्या अगदी समोर. धुराड्याच्या उंचीवर नाक असलेलं हे एकमेव गिऱ्हाईक. तिथे एखाद्या फेरीपुरता धूर सोडून मग स्विच बंद करणं शहाणपणाचं.

जुनं इंजिन विकत घेतलं असेल तर त्यात आधीच्या मालकानं काय ओतलं होतं हे कळायला मार्ग नसतो. वास घ्यावा. खवट असेल तर खायचं तेल, गोडसर असेल तर ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल. टाकी टिश्यूनं कोरडी करावी, योग्य द्रावणाचे दोन-तीन थेंब घालावेत, वीज न देता रात्रभर राहू द्यावेत आणि सकाळी पुन्हा टिपून काढावेत. जुना थर थोडाफार सुटून सुरळीवर पिवळा येतो. सुरळी पांढरी निघेपर्यंत हे करत राहावं. मगच टाकी निम्मी भरावी आणि कमी व्होल्टेजवर मिनिटभर तापू द्यावं. लायनेलचं १९४६ सालचं दिव्याचं इंजिन हाती आलं तर मात्र त्यात कुठलंही द्रावण घालू नये. दिव्याच्या खळग्यात तेल उकळण्याइतकी उष्णता नसते, आणि ते तेल ओघळून खालच्या तारांवर उतरतं. ते इंजिन बिनधुराचंच चालवावं.